अक्का, तुझं छत गळत नव्हतं

अक्का, तुझं छत गळत नव्हतं हे मला परवा कळलं. आठ वर्षं तू आम्हाला त्या छताच्या काळजीत ठेवलंस. पावसाळा लागला की माय आभाळाकडं बघून म्हणायची, "इथं दोन थेंब पडंनात, आन् तिकडं पोरीच्या घरात धार लागली असंल." आयर्लंडातलं तुझं छत मुकुंदवाडीत इतक्या लोकांना ठाऊक होतं, की तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ते छताचं झालं का मग काही?"

तू जाऊन सव्वा महिना झाला. मंडप उतरला, खुर्च्या परत गेल्या, पाहुणे आपापल्या गाड्या धरून निघून गेले. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते अर्धवट तू ठेवलंस, मी नाही. म्हणून तुझ्याशी बोलत बसलोय.

माझा स्वभाव तुला नव्यानं सांगायला नको. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढली. आमच्याकडं समोर आलेला पार्ट चांगला असेल असं धरून चालत नाहीत. तो खराबच आहे असं धरायचं, मापाचं गेज लावायचं, आणि मगच पुढं सोडायचा. संध्याकाळी गेज कंपनीत राहतं, पण नजर माझ्याबरोबर घरी येते. तू म्हणायचीस, "बाळू, दारात भंतेजी आले तरी तू आधी आधार कार्ड मागशील." मागेन. त्यात काय चुकलं?

त्या नजरेनं मी तुला पंधरा वर्षं दर रविवारी तपासलं. आधी इंटरनेट कॅफेतल्या कम्प्युटरवर, मग मोबाइलवर. आपल्याकडं संध्याकाळचे पाच वाजायचे, तुझ्याकडं दुपार होत आलेली असायची. तू "जयभीम माय" म्हणायचीस आणि माय पहिलं वाक्य ठरलेलं बोलायची, "वाळलीस गं." मग तू सुरू व्हायचीस. थंडीनं हाडं दुखतात. जेवण अंगी लागत नाही. बोलायला माणूस नाही. माय दर तक्रारीला एक औषध सांगायची आणि फोन ठेवला की तिचा चेहरा उजळलेला असायचा. मी मात्र तुझ्या मागची भिंत बघत असायचो. कायम तीच पांढरी भिंत. कायम तोच तपकिरी स्वेटर, डाव्या कोपराला विरलेला. नर्सच्या पगारात दुसरा स्वेटर येत नाही, हे मला पटत नव्हतं.

मी म्हणायचो, "अक्का, जरा फोन फिरव, घर दाखव." तू म्हणायचीस, "चार्जिंगला लावलाय रे, वायर पुरत नाय." पंधरा वर्षांत तुझी वायर पुरली नाही.

मी काय काय संशय घेतले ते आता सांगून टाकतो, तू हसशील. आधी वाटलं, तू नर्स नाहीसच, कुठंतरी भांडी घासतेस. मग वाटलं, एका खोलीत आठ जणी राहता आणि ती भिंत तुझ्या वाट्याची आहे. मधे दोन वर्षं माझी खात्रीच होती की तू गोरा नवरा केलायस आणि तो फोनच्या पलीकडं गप बसून चहा पितोय. एकदा कप ठेवल्याचा आवाज आला होता. शेवटी शेवटी वाटायचं, तू आजारी आहेस. एवढं सगळं डोक्यात आलं, पण तू बरी असशील हे एकदाही आलं नाही.

छताचं प्रकरण माझ्याच नजरेनं सुरू झालं. एका रविवारी तुझ्या डोक्याला स्कार्फ होता आणि स्वेटर दोन्ही खांद्यांवर ओला दिसत होता. मी विचारलं, "खांदे कशानं भिजले?" तू क्षणभर थांबलीस. ते थांबणं मी लगेच पकडलं. मग म्हणालीस, "छत गळतंय रे." झालं. माय रडायला लागली. मी गल्लीतल्या रशीदचाचांना बोलावून आणलं, त्यांचा वॉटरप्रूफिंगचाच धंदा. चाचा फोनसमोर मांडी घालून बसले आणि तुला पाऊण तास समजावत राहिले. तू चेहऱ्यावरची माशी हलू न देता ऐकलंस, मधे दोन प्रश्नसुद्धा विचारलेस. चाचा म्हणाले, "बेटी, पानी जहाँ टपकता, वहाँ से घुसता नहीं. दरार ऊपर कहीं और रहती. पहले वो धुंडो." तू म्हणालीस, "जी चाचा, धुंडती." पुढं आठ वर्षं दर रविवारी तुझे खांदे ओले आणि डोक्याला स्कार्फ.

तुझ्या सगळ्याच गोष्टी खोट्या नव्हत्या, हेही मला ठाऊक आहे. जायच्या आधीचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. सिडकोत भाड्याचा फ्लॅट बघायला आपण दोघं गेलो होतो. मालकानं आधी तुझं पूर्ण नाव विचारलं, मग तू एकटी राहणार हे ऐकून "तुमचे मिस्टर कुठं असतात" विचारलं, आणि मग तो फ्लॅट कालच दुसऱ्याला दिल्याचं त्याला आठवलं. जिना उतरताना तू म्हणालीस, "बाळू, मी अशा गावाला जाते जिथं माझ्या नावावरून कुणाला काही कळणार नाय." गेलीस. तिथंही पहिल्या वर्षी मराठी मंडळाच्या जेवणात एका बाईनं पोळी वाढता वाढता विचारलंच, "पूर्ण नाव काय हो तुमचं?" पुढचं बोलावणं आलं नाही. ते तू मायला नाही, फक्त मला सांगितलंस. म्हणालीस, "गोऱ्यांनी नाय विचारलं रे. विचारायला आपलेच इतक्या लांब आले."

आता शेवटचं भांडण. माझ्या प्रज्ञाला तिकडच्या एका दवाखान्याचं नेमणुकीचं पत्र आलं. ती बी.एस्सी. नर्सिंग झाली, इथं दोन वर्षं नोकरी केली, परीक्षा दिली. तूच तिला सगळं सांगत होतीस, माझ्या मागं. होकार कळवायला या महिनाअखेरपर्यंत मुदत होती आणि पोरगी मला विचारल्याशिवाय जाणार नव्हती. तू मंगळवारी फोन केलास. रविवार सोडून तुझा फोन आला तेव्हाच मी सावध झालो. तू म्हणालीस, "पाठव तिला." मी म्हणालो, "दर रविवारी तू स्वतः रडतेस. छत गळतं, थंडी वाजते, माणूस नाही. आणि माझ्या पोरीला तिथं बोलावतेस? अशी कोणती आत्या असते?"

तू मग म्हणालीस, "बाळू, तुला एक सांगायचंय. फोनवर नाय. हिवाळ्यात येते तेव्हा समोर बसून सांगते."

मी फोन आपटला. तीन आठवड्यांनी तू ड्यूटी संपवून कोट घालताना खाली बसलीस, ती उठलीच नाहीस.

तुझा अंत्यविधी आम्ही मोबाइलवर पाहिला. लिंक आली होती. माय स्क्रीनला हात लावत होती, त्यामुळं चित्र सारखं मागं-पुढं व्हायचं. मला वाटलं होतं, चार माणसं असतील. हॉल भरला होता. आणि पुढच्या दोन रांगांत पंधरा-वीस बायका होत्या, साठीच्या-सत्तरीच्या, त्यांचे केस ओले होते. मी प्रज्ञाला म्हणालो, "हे बघ, सगळ्यांचे केस ओले." ती म्हणाली, "बाबा, आज तरी नको." पण मी काय करू? आपल्याकडं मयताहून परतल्यावर अंघोळ करतात. या बाया आधीच करून आल्या होत्या. मी रडत होतो आणि रडता रडता ओली डोकी मोजत होतो, अक्का. असा तुझा भाऊ.

परवा शायनी आली. तुझ्या वॉर्डातली नर्स, केरळची. सुट्टीवर घरी निघाली होती, वाट वाकडी करून आपल्याकडं आली. तिनं तुझ्या निळ्या शालीत गुंडाळलेला अस्थींचा डबा माझ्या हातात दिला. डबा हलका होता. बाबांच्या अस्थी मीच गोळा केल्या होत्या, हाताला अंदाज आहे.

"बाकीच्या कुठं हायेत?" मी सरळ विचारलं.

माय आतल्या खोलीत निजली होती. शायनी इंग्रजीत बोलायची आणि प्रज्ञा मराठीत सांगायची. जिला जायचंय तीच दुभाषी. अशा तपासणीला आमच्याकडं कुणी सही करणार नाही. तरी ऐकत राहिलो. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, अर्ध्या त्यांनी तिथल्या समुद्रात सोडल्या. आत्यानं तसं सांगून ठेवलं होतं."

"समुद्रात कामून? तिचा अन् समुद्राचा काय संबंध? पैठणला गोदावरीत पाय घालायला भीत व्हती ती."

शायनीनं माझ्याकडं बघितलं, मग प्रज्ञाकडं. आणि मग म्हणाली, "यांना खरंच काही माहीत नाही?"

तू आठ वर्षं रोज सकाळी समुद्रात पोहत होतीस. पावसात, गारांत, हिवाळ्यात. ज्या थंडीसाठी माय तुला दर रविवारी सुंठ उगाळायला सांगायची, त्या थंडीत तू आपल्या पायांनी चालत जाऊन उडी मारत होतीस. त्याआधी वर्षभर म्हणे तू नुसती खडकावर उभी राहायचीस, त्या बायांचे टॉवेल आणि चहाचा थर्मास सांभाळत. मग एक दिवस घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्यावर वाढलेली पोरगी तू, ड्रम भरून झाला की त्यावर झाकण ठेवून वर दगड ठेवणारी. रविवारी पोहून झालं की तुम्ही सगळ्या चहा प्यायचात, तू घड्याळ बघायचीस आणि घराकडं पळायचीस. केस ओले असायचे, म्हणून स्कार्फ. तरी पाणी खांद्यावर उतरायचं.

"आणि तो तपकिरी स्वेटर?" मी विचारलं.

शायनी म्हणाली, तो फक्त रविवारी. त्याला आम्ही 'घरचा स्वेटर' म्हणायचो. कपडे धुवायच्या खोलीत एक खुर्ची होती, ती पांढऱ्या भिंतीसमोर ओढायची. फोन झाला की स्वेटर काढून त्याच खोलीत खुंटीला. बाकी तुझ्या घराला पिवळे पडदे होते, समुद्राकडं मोठी खिडकी होती. सुट्टीच्या दिवशी त्या बाया तुझ्याकडं जेवायला यायच्या आणि ठेचा-भाकरी खाऊन नाकडोळे पुसत बसायच्या. घर तुझ्या एकटीच्या नावावर होतं आणि मिस्टर कुठं असतात हे तिथं कुणी विचारलं नव्हतं.

मला राग आला, अक्का. खरं सांगतो, आधी रागच आला. आम्ही इथं तुझ्यासाठी झुरत होतो आणि तू तिथं मजेत! मी शायनीला म्हणालो, "असं कामून केलं तिनं? आम्हाला काय वाईट वाटलं असतं?"

शायनी म्हणाली, "ती सांगायची, हा नियम तिच्या भावानं घातलाय. आणि भाऊ बरोबर होता."

"कुठला नियम?" म्हणेपर्यंत मला आठवलं.

तुझं पहिलं वर्ष. तू एक फोटो पाठवला होतास आणि कॅफेतून त्याची प्रिंट काढून मीच मायला आणून दिली होती. लाल कोट, केस वाऱ्यावर, मागं समुद्र, दोन्ही बाजूंना मैत्रिणी आणि तू तोंडभर हसत होतीस. मायनं तो फोटो खूप वेळ बघितला. मग उशीखाली ठेवला आणि म्हणाली, "हिला आता आपली गरज नाय." दोन दिवस जेवली नाही ती. तिसऱ्या दिवशी योगायोगानं तुला ताप आला आणि तू फोन केलास. माय ताडकन उठून बसली, काढा कसा करायचा ते अर्धा तास सांगत राहिली, आणि फोन ठेवून भाकरी मागितली. मी कोपऱ्यावर जाऊन तुला परत फोन लावला. म्हणालो, "अक्का, फोटो बघून माय दोन दिवस जेवली नव्हती. तिला असं हसू दाखवू नको. जरा दुखलं-खुपलं सांगत जा. तिला बरं वाटतं." तू म्हणालीस, "बरं." एवढंच. एक शब्द बोललीस आणि पंधरा वर्षं पाळलास.

आणि मी विसरून गेलो. स्वतःच सांगितलं, स्वतःच विसरलो आणि पंधरा वर्षं तुला तपासत बसलो की ही नेमकं लपवते काय. चाचांनी सांगितलं होतं, दरार वर कुठंतरी दुसरीकडंच असते. ती माझ्याकडं होती. सत्तावीस वर्षांत एवढा मोठा पार्ट माझ्या हातून कधी सुटला नव्हता. मला माफ कर, अक्का.

पण स्वभाव जात नाही. आता मला उलटा संशय येतो. आलेल्या बाईला शोकातल्या घरात चांगलंच सांगावंसं वाटणार. म्हणून मी शायनीला विचारलं, "दुःखाचं सगळंच खोटं व्हतं का?" ती म्हणाली, पहिली तीन वर्षं सगळं खरं होतं. तुझा इथला अनुभव त्यांनी धरला नाही, परीक्षा पास होईपर्यंत तू म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलण्याचं काम केलंस. कपडे बदलायच्या खोलीत रडायचीस. बाबा गेले तेव्हा वेळेत पोचता आलं नाही, त्यानंतर महिनाभर तू बोलली नव्हतीस. आणि जेव्हा हे खरं होतं, तेव्हा तू आम्हाला काय सांगत होतीस? तेच. थंडी वाजते, जेवण अंगी लागत नाही. खरं आणि खोटं तू एकाच मापात दिलंस, आता मी कुठलं गेज लावू? हिवाळ्यात समोर बसून तू पोहण्याचंच सांगणार होतीस की आणखी काही? हे मला कधीच कळणार नाही आणि मी विचारायचं थांबवणारही नाही.

मायला सांगायचं की नाही, यात एक दिवस गेला. काल तिच्या शेजारी बसलो. "माय, अक्काचं छत गळत नव्हतं. ती पोहायला जायची. केस ओले असायचे."

माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नको. लई सोसलं माझ्या लेकीनं." तुझं खोटं तिनं पंधरा वर्षं गिळलं आणि माझं खरं एक मिनिट गिळेना.

मग प्रज्ञानं शायनीनं दिलेला व्हिडिओ लावला. खडकाळ किनारा, करडं आभाळ. तू काळ्या पोहायच्या कपड्यात, डोक्याला नारंगी टोपी. पाण्यात पाय घालतेस आणि जोरात ओरडतेस, "माय गं!" आणि हसतेस. लाल कोटातलंच हसू. तुझ्या मागून एकेक गोरी म्हातारी पाण्यात उतरते आणि तशीच ओरडते, "माय गं! माय गं!" सगळा किनारा ओरडतोय.

माय पुढं वाकली. "या बाया मला कामून हाका मारायल्यात?"

"अक्कानं शिकवलं त्यांना."

"रोज मारायच्या?"

"रोज सकाळी."

तिनं तो व्हिडिओ चार वेळा बघितला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, लाल कोटाच्या वेळचं काही दिसतंय का म्हणून. दिसत होतं. दुखलं तिला, ते लपलं नाही. पण तिनं मोबाइल खाली ठेवला नाही. शेवटी म्हणाली, "म्हंजी छत ठीक व्हतं."

"व्हय, माय."

"मंग रशीदभाईला सांग जाऊन. त्यो अजून इचारतो."

रात्री ती जेवली नाही. आज सकाळी अर्धी भाकरी खाल्ली.

दुपारी मी प्रज्ञाला हाक मारली. पत्र तिच्या हातातच होतं, महिनाअखेरीला चार दिवस राहिलेत. मी म्हणालो, "कळव त्यांना. जा." तिला आनंद व्हायला हवा होता. ती माझ्याकडं डोळे बारीक करून बघत राहिली, ही कसली चाल म्हणून. माझीच पोरगी.

"एक अट हाय," मी म्हणालो. "रविवारी फोन करशील तवा खिडकीपाशी बसायचं. केस वले असले तर वले राहू दे. रडू आलं तर खरं रड. आन् हसू आलं तर हसायचं."

ती म्हणाली, "आणि आजी दोन दिवस जेवली नाय तर? चालंल तुम्हाला?"

तिला ते शायनीनं सांगितलं होतं. मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघितलं. हार घालायला आमच्याकडं तुझा अलीकडचा दुसरा फोटोच नव्हता, रविवारच्या फोनमधला काढून मोठा केलाय. पांढरी भिंत, तपकिरी स्वेटर, खांदे ओले.

"नाय चालणार," मी म्हणालो. "तरी बी हस."